सणाच्या मैफलीत नवे काय वाजवावे?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात सणासुदीच्या मैफलींना तोटा नाही. दिवाळीची पहाट आहे, पाडव्याची सकाळ आहे, एक मेचा महाराष्ट्र दिन आहे. शिवाय आपल्या मराठवाड्याचा खास असा सतरा सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या निमित्ताने सोनेरी महालाच्या प्रांगणात चांदण्यात बसून गाणेबजावणे ऐकल्याचे आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल. अशा प्रसंगी वाद्यवृंद बसवावा असे कोणी सुचविले, की लगेच पुढचा प्रश्न येतो: वाजवायचे काय? आणि त्याचे उत्तरही बहुधा तयार असते: "लोकांना माहीत असलेले, जुने, आवडते." आज आम्हांला या उत्तराचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा केलेला बरा. 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आपल्याकडे चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला कायमचा चिकटला आहे. तेथे गायक पुढे असतो आणि वाद्ये त्याची साथ करतात. आम्हांला येथे अभिप्रेत आहे तो वाद्यवृंद, म्हणजे वीस, चाळीस किंवा शंभर वादक मिळून लिहिलेली रचना वाजवतात तो. त्यात वाद्येच बोलतात. असा वृंद सणाच्या दिवशी मोठ्या जमावापुढे वाजतो, तेव्हा त्याच्या कार्यक्रमात आजच्या, हयात रचनाकाराच्या संगीताला जागा असावी की नाही, आणि असावी तर ती कशी निवडावी, हा आमचा विषय.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सणाला माणूस विसाव्यासाठी येतो. मुले कडेवर असतात, फराळ झालेला असतो. त्याच्या कानावर अपरिचित स्वर का घालावेत? आक्षेप खोटा नाही. परंतु ज्याला आपण आज जुने व आवडते म्हणतो, ते केव्हातरी नवेच होते, आणि पुष्कळदा सणासमारंभातच ते प्रथम ऐकले गेले. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या. मराठी प्रेक्षकाला तो बाज नवा होता, पण त्याने 'वन्स मोअर'चा गजर करून तो आपलासा केला. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांची चाल, दोन्ही ताजी. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन गीते झाली. रामनवमी हा जुना सण आणि संगीत कोरे करकरीत! आज तेच गीतरामायण आपण 'परंपरा' म्हणून ऐकतो.

परदेशांतही हेच दिसते. व्हिएन्नाच्या नववर्षदिनाच्या मैफलीत योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' चुकत नाही. ही मैफल प्रथम १९३९ च्या ३१ डिसेंबरला झाली आणि १९४१ पासून ती १ जानेवारीला होते. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी तिचे संचालन पाच वेळा केले आहे. पण हा 'ब्लू डॅन्यूब' १८६७ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या दिवसांत, एका गायक मंडळासाठी केलेली नवी रचना होता. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाचा प्रशियाकडून पराभव झाला होता आणि शहर खिन्न होते. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो नुसत्या वाद्यवृंदाने वाजविला, तेव्हा त्याच्या कीर्तीला भरती आली. एकदा ऐकून नवे रुचतेच असे नाही. दुसऱ्यांदा ऐकण्याची संधी मात्र त्याला मिळाली पाहिजे.

ही संधी न मिळाल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व वाद्यवृंद-संयोजक होते. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. रागांवर आधारलेले, परंतु पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेले संगीत करावे, ही त्यांची तळमळ होती. १९५८ साली त्यांनी मुंबईत झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांच्याबरोबर गायले. सारंग रागावरचा कॉन्चेर्टो त्यांनी लिहिला. पण असे संगीत वर्षानुवर्षे वाजत राहावे अशी जागा येथे कोठे होती? पुढे १९६५ साली ते अमेरिकेस गेले. परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली वारले. त्यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे घराघरांत गेले. ते गाणे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, म्हणजे शिष्याने गुरूचे नाव त्यात गुंफलेले. ज्याचे नाव सारा देश गुणगुणतो, त्याचे संगीत कानावर पडलेली माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत. नवी रचना न निवडण्याची किंमत ही अशी असते.

आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला. पंडित रविशंकर आणि पुढे पन्नालाल घोष यांनी त्याचे संचालन केले. २००६ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. २०१५ साली त्याने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून तबला व वाद्यवृंद यांची 'पेशकार' ही रचना करवून घेतली. म्हणजे आपल्याकडे रचनाकार नाहीत असे नाही आणि वादकही नाहीत असे नाही. उणीव आहे ती निवडणाऱ्याची.

तेव्हा निवड कशी करावी ते पाहू. पहिला नियम लांबीचा. इंग्लंडमधील 'प्रॉम्स' या १८९५ पासून चालत आलेल्या मैफलींच्या अखेरच्या रात्री मोठा उत्सव असतो. झेंडे फडकतात, लोक गातात. १९९५ साली त्या रात्री हॅरिसन बर्टविसल यांची 'पॅनिक' ही नवी रचना वाजली. सॅक्सोफोन, ढोल आणि वृंद यांचा तो सुमारे अठरा मिनिटांचा कल्लोळ होता. तक्रारींचा पाऊस पडला. २०१३ साली त्याच रात्रीची सुरुवात ॲना क्लाइन या तरुण रचनाकार स्त्रीच्या 'मॅस्करेड' या नव्या रचनेने झाली. ती सुमारे पाच मिनिटांची. जुन्या काळच्या बागांतील मैफलींची आठवण तिच्या मुळाशी आहे आणि एका जुन्या पानगीताची चाल तिच्यात मिसळली आहे. लोकांनी ती आनंदाने घेतली. पहिली रचना कमअस्सल होती असे आम्ही म्हणत नाही. ती त्या रात्रीची नव्हती. पाहुण्याला पहिल्या भेटीत पाच-सात मिनिटे द्यावीत. ओळख झाली की मुक्काम वाढतो.

दुसरा नियम असा की श्रोत्याला धरायला काहीतरी दांडी असावी: एक चाल, एक ठेका किंवा एक ओळखीचा नाद. मेक्सिकोच्या आर्तुरो मार्केस यांचे 'दानसोन क्रमांक २' १९९४ सालचे. तेथल्या नृत्यगृहांतील ठेक्यावर क्लॅरिनेटची एक आर्त चाल निघते आणि हळूहळू सारा वृंद तिच्यात सामील होतो. दहा मिनिटे कशी गेली ते कळत नाही. जगभरचे तरुण वृंद ते वाजवितात, ते काही कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. याच न्यायाने २०१३ साली झुबिन मेहतांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मन वृंद नेला, तेव्हा बेथोव्हेनच्या जोडीला अभय सोपोरी यांची एक रचना ठेवली होती. तीत काश्मिरी वाद्ये परदेशी वृंदाबरोबर वाजली.

तिसरा नियम प्रसंगाचे भान ठेवण्याचा. जॉन ॲडम्स यांची १९८६ सालची 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन' ही चार मिनिटांची झणझणीत रचना आहे. लाकडी ठोकळ्याचा ठेका पहिल्यापासून घोड्यासारखा धावतो. उत्सवाला अगदी योग्य! परंतु तिच्या नावाचा अर्थ 'वेगवान यंत्रातील छोटी सफर' असा होतो. राजपुत्री डायाना मोटारअपघातात गेल्या त्या १९९७ साली आणि न्यूयॉर्कवरील विमानहल्ल्याच्या २००१ साली, दोन्ही वेळा प्रॉम्समधून ती मागे घ्यावी लागली. संगीत तेच, दोष नावाचाही नाही. पण श्रोता नाव वाचूनच ऐकायला बसतो. उलट लेरॉय अँडरसन यांची 'स्ले राइड' घ्या. बर्फावरून घसरणाऱ्या घोडागाडीची ही तीन मिनिटांची गंमत. बोस्टनच्या 'पॉप्स' वृंदाने ती १९४८ च्या मे महिन्यात प्रथम वाजविली. आज ती अमेरिकेत नाताळची ठेवच बनली आहे. सण रचनेला शोधून काढतो, तो असा.

चौथी गोष्ट जागा आणि तालीम. सोनेरी महालासारख्या उघड्या प्रांगणात भिंती स्वर परत पाठवीत नाहीत. नाजूक, सावकाश विरणारी रचना तेथे वाऱ्यावर जाते. तेथे पितळी वाद्ये, सनई, तालवाद्ये असलेली रचना घ्यावी. नाजूक रचना बंद नाट्यगृहासाठी राखावी. नव्या रचनेला जुन्यापेक्षा दुप्पट तालीम लागते, कारण वादकांच्याही कानात ती नसते. एका दिवाळी पहाटेच्या आयोजनात आम्ही स्वतः होतो. नवी रचना उत्साहाने निवडली, पण तालमीला एकच संध्याकाळ ठेवली. वृंद मध्येच अडखळला. श्रोत्यांनी दोष दिला तो रचनेला, आणि रचनाकार बिचारा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. ती चूक आमची होती.

व्यवहाराची बाजूही विसरू नये. हयात रचनाकाराच्या रचनेला परवानगी व मानधन लागते. आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क राहतो. मंडपाला आणि रोषणाईला पैसे आहेत, रचनाकाराला नाहीत, असे म्हणणे आम्हांला शोभत नाही.

कार्यक्रमात ही रचना ठेवावी कोठे? आरंभीच ठेवू नये, कारण लोक अजून खुर्च्या शोधीत असतात. अखेरीस ठेवू नये, कारण मुले झोपलेली असतात. बोस्टनच्या आर्थर फीडलर यांनी १९३० ते १९७९ अशी जवळजवळ पन्नास वर्षे 'पॉप्स' चालविले. त्यांच्या कार्यक्रमाचे तीन भाग असत: आरंभी हलकेफुलके अभिजात संगीत, मध्ये एकल वादकाची रचना आणि शेवटी लोकप्रिय सुरावटी. आमच्या मते नव्याची जागा पहिल्या भागाच्या शेवटी, एका ओळखीच्या रचनेच्या पाठोपाठ असावी. निवेदकाने दोनच वाक्ये बोलावीत. आणि टाळ्या मिळाल्या तर ती पुन्हा वाजवावी. 'वन्स मोअर' ही तर आपलीच रीत आहे!

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे शंभर वादकांचा वृंद नाही, हे खरे. परंतु वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट फुंकणारे बँडवाले आहेत, पोलिसांचा बँड आहे, सनईवाले, संबळवाले, हलगीवाले आहेत. व्हायोलिन आणि बासरी शिकणारी मुले आहेत. सतरा सप्टेंबरसाठी यांतल्या पंचवीस-तीस जणांना एकत्र करावे. आपल्यातल्याच एखाद्या तरुण संगीतकाराकडून सहा मिनिटांची रचना मागवावी. १९४८ सालच्या मुक्तीची आठवण जागी करणारी, पोवाड्याचा ठेका असलेली, पण पोवाड्याची नक्कल नसलेली. तालमीला तीन आठवडे द्यावेत. वरातीच्या धुळीत वाजवणारा माणूस त्या रात्री खुर्चीवर बसून, समोर स्वरलिपी ठेवून वाजवील आणि त्याची मुले ते पाहतील. हा लाभ संगीताहून लहान नाही.

त्या रचना दर वर्षी जमा होत गेल्या, तर वीस वर्षांत वीस होतील. त्यांतल्या पंधरा विसरल्या जातील, जाऊ द्याव्यात. 'मानापमाना'च्या काळची किती नाटके आज आठवतात? उरलेल्या पाच मात्र आपल्या असतील, आणि आपली नातवंडे त्यांना जुने, आवडते, सणाचे संगीत म्हणतील. एवढी सहा मिनिटे येत्या सणाला आपण देऊ या, इतकीच आमची विनंती.