यीस्टची मँगनीजची भूक

नागपूरहून रामटेकच्या वाटेला लागलं की मानसर येतं. मानसर, कांद्री, बेलडोंगरी, तिकडे सावनेर तालुक्यात गुमगाव. ही सारी मँगनीजची गावं. इंग्रजांच्या काळात सुरू झालेलं हे खाणकाम आज ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी करते आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. हे खनिज जातं पोलादाच्या भट्टीत. पण ज्या यीस्टने पाव फुगतो, त्या यीस्टलाही हाच धातू लागतो, हे फारसं आपल्या कानावर येत नाही.

यीस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रॉनची. पाण्यातला धातू तिच्याकडे दोन वाटांनी जातो आणि या दोन वाटांची गल्लत केली की सगळाच हिशेब चुकतो.

पहिली वाट पेशीभित्तिकेपाशीच संपते. भित्तिकेच्या बाहेरच्या थरात मॅनन नावाची शर्करा असते. तिच्यावरचे फॉस्फेट आणि प्रथिनांवरचे कार्बोक्सिल गट ऋणभारित असतात, म्हणून धनभारित आयन काही मिनिटांतच तिथे चिकटतात. यात पेशीची काहीच मर्जी नसते. उकळून मारलेलं यीस्टही हे काम करतं. पाणी फार आम्लधर्मी झालं, की हायड्रोजनचे आयन त्या जागा बळकावतात आणि धातू सुटून येतो.

दुसरी वाट जिवंत पेशीची. ती सावकाश चालते, तिला ऊर्जा लागते आणि थंडीत ती जवळजवळ थांबते. पेशीपटलातलं एसएमएफ१ हे वाहक प्रथिन मँगनीज आत घेतं. आतल्या पुटिकांमधलं एसएमएफ२ ते पुढच्या वाटपाला मोकळं करतं. काही मँगनीज मायटोकॉण्ड्रियात जातं, कारण तिथल्या एसओडी२ या विकराचं त्यावाचून अडतं. काही पीएमआर१ नावाचा पंप गॉल्जी पिंडात भरतो. तिथे मॅननच्या साखळ्या जोडणारे विकर मँगनीजवर चालतात. म्हणजे जी भिंत बाहेर धातू धरून ठेवते, ती बांधायलाच आत मँगनीज लागतं! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

गरज भागली की पेशी एसएमएफ१ आणि एसएमएफ२ ही दोन्ही प्रथिनं मोडीत काढते. तरीही बाहेर मँगनीज फारच झालं, तर ते फॉस्फेटला चिकटून पीएचओ८४ या फॉस्फेटच्या दारातून आत शिरतं. फॉस्फेट तर लागतंच, म्हणून मँगनीज वाढलं तरी पेशी ते दार बंद करत नाही. पीएचओ८४ नसलेलं यीस्ट जास्त मँगनीज सोसतं, ते यामुळेच.

धातूने बिघडलेलं पाणी शुद्ध करायला उपयोगी पडते ती मुख्यतः पहिली वाट. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्राच्या पाण्यातून मिळालेलं यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट वापरून पाण्यातलं क्रोमियम ओढून घेतलं. ते निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तिथे उलट आम्लधर्मी पाणीच उपयोगी पडलं, कारण ते क्रोमियम क्रोमेटच्या रूपात होतं आणि क्रोमेटचा आयन ऋणभारित असतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या खाणीतल्या मातीच्या ढिगांवर मायकोरायझा बुरशी, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि साखर कारखान्याचं प्रेसमड घालून झाडं वाढवली. तिथे यीस्ट नव्हतं, पण सूक्ष्मजीव खाणीच्या कामी येतात हे त्यातून दिसलं.

पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. यीस्टने ही मर्यादा गाठता येईल का? शुद्ध पाण्यात एकच क्षार विरघळवून केलेल्या प्रयोगात यीस्ट छान वागतं. खाणीच्या पाण्यात मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे सारेच भिंतीवरच्या त्याच जागांसाठी भांडतात. मँगनीज मोजणं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमतं: आम्लात पोटॅशियम परआयोडेट घालून उकळलं की परमँगनेटचा जांभळा रंग येतो, तो कलरीमीटरवर मोजायचा. रामटेक, सावनेर आणि नागपूरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या प्रकल्पासाठी एकाच क्षाराचं बाटलीतलं द्रावण बाजूला ठेवावं आणि आपल्या गावच्या खाणीचं पाणी घ्यावं.