वैद्यकीय शिक्षणसभांचे औषध कंपन्यांकडून प्रायोजकत्व : नैतिक मानके व बीड जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्र सतत विकसित होत असल्याने पदवीनंतरही डॉक्टरांनी अध्ययन चालू ठेवणे अपरिहार्य ठरते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांकांची अट घातली आहे. हे श्रेयांक प्रामुख्याने निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या सभा, परिषदा व कार्यशाळांतून मिळतात आणि अशा सभांचा खर्च अनेकदा औषध कंपन्या उचलतात. या प्रायोजकत्वाची नैतिक मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्नाचे स्वरूप :
इतर वस्तूंची निवड ग्राहक स्वतः करतो; औषधाची निवड मात्र डॉक्टर करतो आणि किंमत रुग्ण मोजतो. गेवराई किंवा शिरूर कासार तालुक्यातील ऊसतोड मजुराला चिठ्ठीवरील औषधाला स्वस्त पर्याय आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो. प्रायोजकत्वाचा प्रभाव केवळ भेटवस्तूंतून पडतो असे नाही. विषय व वक्ता कंपनीने सुचविल्यास नव्या, महागड्या औषधावर व्याख्यान होते. जुने, परिणामकारक व स्वस्त औषध कार्यक्रमपत्रिकेत येतच नाही. येथे असत्य सांगितले जात नाही, परंतु सत्याची निवड दुसऱ्याच्या हिताने होते.

नियमांची वाटचाल :
भारतीय वैद्यकीय परिषदेने २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये कलम ६.८ समाविष्ट केले. त्यानुसार डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, आदरातिथ्य, रोख रक्कम तसेच परिषदेस प्रतिनिधी म्हणून जाण्यासाठी प्रवासखर्च स्वीकारणे निषिद्ध झाले. २०१६ मध्ये भेटीच्या मूल्यानुसार शिक्षा निश्चित करण्यात आल्या. मात्र त्याच दुरुस्तीने डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांचा उल्लेख वगळला गेला. परिणामी जे व्यक्तीला वर्ज्य, ते संघटनेमार्फत येण्यास वाट राहिली.

२२ फेब्रुवारी २०२२ रोजी एपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरील खर्चास प्राप्तिकरात वजावट नाकारली आणि हा खर्च अखेरीस औषधांच्या किमतीत मिसळतो, याकडे लक्ष वेधले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रायोजित शैक्षणिक कार्यक्रमांतील सहभागावर बंदी घालणारे विनियम काढले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित केले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने समान विपणन संहिता जाहीर केली. तिने परदेशातील शिक्षणसभांना मनाई केली व खर्चाच्या पारदर्शकतेवर भर दिला. तथापि तक्रारींचा प्राथमिक निवाडा उत्पादक संघटनांच्याच समित्यांकडे आहे, ही तिची मर्यादा होय.

आवश्यक मानके :
अमेरिकेतील निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या अधिस्वीकृती परिषदेने २००४ मध्येच विषय, वक्ते व आशय यांचा निर्णय प्रायोजकापासून स्वतंत्र असावा, असे तत्त्व मांडले. आपल्याकडेही पुढील मानके उपयुक्त ठरतील :
१) विषय व वक्त्यांची निवड केवळ शैक्षणिक समितीने करावी.
२) निधी आयोजक संस्थेच्या खात्यात जमा व्हावा, वक्त्यास वा श्रोत्यास थेट देऊ नये.
३) वक्त्याने आपले आर्थिक हितसंबंध आरंभीच जाहीर करावेत.
४) औषधांचा उल्लेख मूळ नावाने करावा व उपचाराचा खर्च सांगावा.
५) सभेचा जमाखर्च प्रसिद्ध करावा.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
केवळ मनाई केल्यास तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर ज्ञानापासून दूर राहील, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. त्याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक, सभागृह व रुग्णांचा अनुभव हे तिन्ही उपलब्ध आहेत. तेथे अल्प प्रवेशशुल्कात, साध्या भोजनासह एकदिवसीय सभा घेता येतील. सर्पदंश, क्षयरोग, मातेचा रक्तक्षय यांसारखे विषय कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच अग्रस्थानी असतात. जिल्ह्याच्या गरजेत मात्र ते अग्रस्थानी आहेत.

समारोप :
शिक्षणसभेचा खर्च कोणीतरी करावाच लागतो. तो डॉक्टरने शुल्करूपाने वा शासनाने अनुदानरूपाने उघडपणे केला नाही, तर रुग्ण तो औषधाच्या किमतीतून नकळत करतो. सभागृहात उपस्थित नसलेल्या या रुग्णाचे हित जपणे, हीच प्रायोजकत्वाच्या नैतिकतेची खरी कसोटी होय.