कौलांच्या जागी स्लॅब : चालू गृहकर्जावरची वाढीव उचल

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी आणि तिच्या आसपासच्या गावांत घर बहुधा एका दमात पुरे होत नाही. दर्शनी दोन खोल्या कर्ज काढून बांधल्या जातात आणि मागचे माजघर, स्वयंपाकघर व गोठा जुन्या कौलांखालीच राहतात. सह्याद्रीच्या पावसाच्या या पट्ट्यात ती कौले दर उन्हाळ्यात शाकारावी लागतात, कुजलेले वासे आणि रिपा बदलाव्या लागतात, त्यामुळे काही वर्षांतच मागच्या भागावरही स्लॅब टाकण्याचा विचार सुरू होतो, आणि त्या वेळी पहिले कर्ज बहुधा फिटलेले नसते. अशा कुटुंबापुढे दोन मार्ग असतात. त्याच बँकेकडून चालू कर्जावर जादा रक्कम घेता येते, जिला टॉप-अप कर्ज म्हणतात; किंवा दुसऱ्या बँकेकडून जुन्या कर्जाची शिल्लक फेडून घेऊन, तेच घर तिच्याकडे गहाण टाकून, वर सुधारणेसाठी वाढीव रक्कम उचलता येते. या दुसऱ्या मार्गाला कर्जाचे हस्तांतरण किंवा प्रचलित बोलीत बॅलन्स ट्रान्सफर असे नाव आहे.

हस्तांतरणाचे मुख्य आकर्षण व्याजदराचे असते. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसा देते तो रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांपर्यंत चढला आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर उतरला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी बांधलेली असल्याने हा उतार त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचतो. परंतु त्याआधीची कर्जे आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जे यांना हे बंधन नसल्याने तेथे दर सावकाश उतरतो. तरीही दुसऱ्या बँकेच्या दारात जाण्यापूर्वी आपल्याच बँकेत अर्ज देऊन, थोडे शुल्क भरून, दर कमी करून मिळतो का हे पाहणे शहाणपणाचे असते, कारण हस्तांतरणात प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल आणि नव्या गहाणाचे मुद्रांक शुल्क असा खर्च नव्याने येतो. व्यक्तीने राहत्या घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावण्यास मात्र रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केलेली आहे.

वाढीव रक्कम किती मिळेल हे घराच्या मूल्याशी बांधलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. या मर्यादेत जुनी शिल्लकही धरली जाते, आणि मूल्य मालकाच्या मनातले नसून बँकेच्या मूल्यमापकाने लावलेले असते. खेड्यात मोजक्याच खरेदी-विक्री होत असल्यामुळे हा आकडा बांधकामाच्या खर्चापेक्षा पुष्कळदा कमी निघतो.

परंतु नेसरीसारख्या गावात खरी अडचण मूल्याच्या आधी, कागदाशी येते. गावठाणातील घराचा जो उतारा ग्रामपंचायत देते, तो नमुना ८ हा कर आकारणीच्या नोंदवहीतला उतारा असून मालकीचा पुरावा नव्हे, आणि अनेक गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या त्यापलीकडे कागदच नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यास प्रारंभ झाला, तो मुख्यतः ही पोकळी भरण्यासाठी. मिळकत पत्रिका हाती आली तरी तिच्यावर वडिलांच्या पश्चात सर्व वारसांची नावे लागलेली असतात. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिल्यामुळे विवाहित बहिणींची संमती किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय बँक गहाण स्वीकारत नाही. पहिले कर्ज जुन्या ओळखीवर किंवा पतसंस्थेकडून मिळालेले असेल, तर हा प्रश्न हस्तांतरणाच्या वेळी प्रथमच समोर येतो आणि स्लॅबचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांतून सरकून पावसाळ्यात जाते. मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाचे नाव उताऱ्यावर असेल, तर त्यालाही सहीसाठी यावे लागते.

व्याजाचा हिशेबही दिसतो तितका सरळ नसतो. पाच लाख रुपयांची वाढीव रक्कम ९ टक्के दराने मूळ कर्जाच्या उरलेल्या १५ वर्षांत बसवली, तर मासिक हप्ता सुमारे ५,०७१ रुपयांचा होतो आणि एकूण व्याज सुमारे ४ लाख १३ हजार रुपये जाते. हीच रक्कम १३ टक्क्यांच्या महागड्या वैयक्तिक कर्जाने पाच वर्षांत फेडली, तर हप्ता सुमारे ११,३७७ रुपयांचा असला तरी व्याज १ लाख ८३ हजारांच्या आसपासच राहते. वाढीव रकमेची मुदत वेगळी, पाच वर्षांची, ठरवून घेतली तर ९ टक्क्यांनी व्याज सुमारे १ लाख २३ हजारांवर येते. हा पर्याय बँक अधिकारी आपण होऊन क्वचितच सुचवतात, तो मागावा लागतो. हप्ता दरमहा भरायचा आणि उसाचे बिल मात्र हंगामातच हाती येणार, हा ताळमेळ बसत नसल्याने ही सोय प्रत्यक्षात शिक्षक, सैनिक आणि निवृत्तिवेतनधारक यांच्याच वाट्याला अधिक येते.

टॉप-अपच्या रकमेचा विनियोग कसा झाला हे पुष्कळदा कोणी तपासत नाही, आणि स्लॅबच्या नावाने उचललेला पैसा लग्नाकडे किंवा शेअर बाजाराकडे वळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तत्कालीन गव्हर्नरांनी पतधोरणाच्या निवेदनात अशा कर्जांवरील देखरेखीच्या ढिलाईबद्दल बँकांना जाहीर इशारा दिला होता. कर्ज कोणत्याही कारणावर खर्च झाले तरी तारण घरच राहते, आणि थकबाकी झाल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेला न्यायालयात दावा न लावता ताब्याची कारवाई सुरू करता येते. दुरुस्तीवरच खर्च केल्याची बिले सांभाळून ठेवली, तर जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजाची वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत केले नाहीत आणि विलंबाचे कारण बँकेकडे असेल, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचे बंधन १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाले आहे. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर चढलेला बोजा मात्र केवळ हप्ते संपल्याने उतरत नाही. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयात त्याची नोंद कमी झाली की नाही, हे कर्जदाराने स्वतः नवा उतारा काढून पाहावे लागते.