हिरडा, कातडं आणि जखम

कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा लागतो. त्यांतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंना घट्ट बांधून टाकतं, म्हणून कातडं सडत नाही. हेच रसायनशास्त्र आता जखम भरण्यासाठी तपासलं जातंय. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत असं बरंच काम झालंय, यात नवल नाही. कोलॅजेनच्या तिपेडी रेणूची रचनाही जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये मांडली होती.

जखम भरताना पेशी कडेकडून आत सरकतात. त्यांना चढायला परांची हवी. जनावराच्या कातड्यातलं किंवा कंडरांतलं कोलॅजेन आम्लात विरघळवतात, गोठवतात आणि निर्वातात वाळवतात. बर्फाचे स्फटिक उडून गेले की त्यांच्या जागी छिद्रं राहतात. उरते ती आंबोळीसारखी जाळीदार, कुरमुऱ्याइतकी हलकी चकती.

पण जखमेतली विकरं आणि जिवाणू ही नुसती चकती भराभर फस्त करतात. म्हणून वनस्पतीचा अर्क. त्रिफळा भरलेला कोलॅजेनचा स्पंज उंदरांच्या चिघळलेल्या जखमांवर तपासून झालाय. अर्काने तंतू टिकतात, जिवाणूंनाही आळा बसतो. मात्रा चुकली तर मात्र पेशीच मरतात. ते कळायला एक पिवळं रसायन घालतात; जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळा फिका पडला की समजायचं, आपण मलमपट्टी नव्हे, चप्पल बनवतोय.

‘अमुक दिवसांत जखम इतके टक्के भरली’ असं वाचलं की मी आधी दोन गोष्टी शोधतो. एक, नुसत्या कोलॅजेनची चकती लावलेला गट होता का? कारण अर्काविना कोलॅजेनसुद्धा काम करतंच. दुसरी, जखमेभोवती कडी बसवली होती का? उंदराचं कातडं सैल असतं आणि खाली स्नायूचा पातळ पडदा असतो. बटव्याची दोरी ओढावी तशी त्याची जखम आवळून मिटते. माणसाची बरीचशी नव्या त्वचेनं भरावी लागते. म्हणून काही जण कडी शिवून ते आवळणं रोखतात.

शिवाय प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण, धडधाकट. ज्याच्या पायाची जखम महिनोन्‌महिने उघडी राहते, तो माणूस अनेकदा साठीतला मधुमेही असतो.