घरच्या घरीं फिल्म धुतांना

श्रोतेहो, मोबाईलवर क्षणांत चित्र उमटण्याच्या आजच्या काळांत फिल्मचा कॅमेरा हातीं घेणारीं माणसें पुन्हां दिसूं लागलीं आहेत. कोणाला आजोबांच्या कपाटांत जुना कॅमेरा सांपडतो, तर कोणाला ३६ चित्रांची मर्यादाच हवीशी वाटते. परंतु फिल्म धुवून देणारीं दुकानें आतां बहुतेक गांवांतून नाहींशीं झालीं आहेत. उटकमंड येथें ‘इंदू’ या नांवानें माल काढणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखानाही बंद पडला. रोल महाग आणि धुणारा दूर, अशा स्थितींत कृष्णधवल फिल्म आपल्या घरींच धुणें हा मार्ग उरतो. तो कसा चोखाळावा, आणि विशेषतः आपल्या हवेंत त्यांत कोठें घात होतो, हें आज सांगावयाचें आहे.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. १९१३ सालीं पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या वेळीं दादासाहेब फाळके यांचें दादर येथील राहतें घर हीच प्रयोगशाळा होती, आणि फिल्मला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. तेव्हां घरांत हें काम होणार नाहीं, असें म्हणण्याचें कारण नाहीं.

प्रथम आंत काय घडतें तें पाहूं. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्या थरांत चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. उजेड लागलेल्या कणांत डोळ्यांना न दिसणारा फरक होतो. डेव्हलपर त्या कणांची काळी चांदी करतो. मग साध्या पाण्यानें किंवा सौम्य आम्लानें ती क्रिया थांबवावयाची. आणि शेवटीं फिक्सर, ज्याला जुनी मंडळी हायपो म्हणत, तो उरलेले क्षारकण विरघळवून टाकतो. म्हणजे रोल धुण्यापूर्वीं चित्र त्यांत असतें खरें, पण तें कोणींही पाहिलेलें नसतें. येथें चूक झाली तर तें चित्र पुन्हां मिळत नाहीं.

हें मी अनुभवानें सांगतों. माझा पहिला रोल मीं मे महिन्यांत धुतला. आजोळचें घर पाडण्यापूर्वीं घेतलेलीं चित्रें त्यांत होतीं. डेव्हलपर बर्फाच्या पाण्यांत ठेवून नीट थंड केला होता. पण फिल्म खळबळण्याचें पाणी मात्र गच्चीवरच्या तापलेल्या टाकीचें घेतलें. थंडाव्यांतून एकदम उष्ण पाण्यांत गेलेला थर सुरकुतला आणि प्रत्येक चित्रावर बारीक जाळी पडली. घर तोंवर जमीनदोस्त झालें होतें.

तेव्हां पहिली दक्षता उष्णतेची. डेव्हलपरच्या वेष्टनावर दिलेला वेळ बहुधा २० अंश सेल्सियससाठीं असतो. पाणी अधिक उष्ण असेल तर क्रिया वेगानें होते. २० अंशांला १० मिनिटें लागत असतील, तर २४ अंशांला सुमारें ७ मिनिटें पुरतात. परंतु वेळ ५ मिनिटांच्या खालीं नेऊं नये. इतक्या घाईंत द्रव सर्वत्र सारखा पोंचत नाहीं व चित्रावर पट्टे उमटतात. मोजण्यासाठीं तापाचा थर्मामीटर निरुपयोगी होय, कारण त्याचें मोजमाप ३५ अंशांच्या आसपास सुरू होतें. प्रयोगशाळेंतील साधा कांचेचा थर्मामीटर घ्यावा.

पाणी थंड करण्यास विदर्भ-मराठवाड्यांतील कोरड्या उन्हाळ्यांत मातीच्या माठासारखें साधन नाहीं. माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाळतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. कोंकणांत मात्र हवा आधींच दमट असल्यामुळें माठावर फार विसंबतां येत नाहीं. तेथें मोठ्या टबांत किंवा घंगाळांत पाणी घेऊन त्यांत बर्फाची घट्ट बांधलेली पिशवी सोडावी, आणि डेव्हलपर, फिक्सर व धुण्याचें सर्व पाणी बाटल्यांत भरून त्या टबांत अर्धा तास ठेवावें. सर्वांची उष्णता एकसारखी झाली म्हणजे माझ्या हातून झाला तो प्रमाद होणार नाहीं. बर्फ थेट द्रवांत टाकूं नये. त्यानें द्रव पातळ होतो.

दुसरी दक्षता पारखण्याची. कॅमेऱ्यांत रोल भरतांना त्याचें जें टोंक बाहेर राहतें, त्यावर चित्र नसतें. तें टोंक कापून त्याचे दोन तुकडे जपून ठेवावे. एक तुकडा भर उजेडांत डेव्हलपरमध्यें बुडवावा. कांहीं मिनिटांत तो काळाकुट्ट झाला तर डेव्हलपर जिवंत आहे. नुसता करडा राहिला तर तो निकामी समजून ओतून द्यावा. दुसरा तुकडा फिक्सरमध्यें सोडून घड्याळ पाहावें. दुधाळ थर जाऊन तो स्वच्छ होण्यास एक मिनिट लागलें, तर फिल्म निदान दोन मिनिटें ठेवावी. ताज्या फिक्सरला लागलेला वेळ बाटलीवर लिहून ठेवावा. पुढें तोच वेळ दुप्पट झाला कीं फिक्सर संपला. ही पारख फुकट आहे. ती न केल्यास मोल मात्र सबंध रोलचें द्यावें लागतें.

तिसरी दक्षता अंधाराची. चित्रपटांत पाहिलेला तांबडा दिवा येथें लावूं नये. तो छपाईच्या कागदाला चालतो; आजच्या बहुतेक फिल्मना तांबडा रंगही दिसतो. रात्रींची वेळ, खिडकी नसलेली खोली आणि दारावर जाड घोंगडी एवढें पुरे. दार लावून १० मिनिटें स्वस्थ बसावें. डोळे अंधाराला सरावले म्हणजे उजेडाची फट आपोआप दिसते. मोबाईल व चमकणाऱ्या कांट्यांचें घड्याळ बाहेर ठेवावें. टँकमधल्या रिळावर फिल्म चढविण्याचा सराव एखाद्या वांया गेलेल्या रोलवर आधीं उजेडांत, नंतर डोळे मिटून करावा. फिल्मच्या टोंकाचे दोन्ही कोपरे किंचित् गोल कापले तर ती अडत नाहीं. रीळ कोरडें ठणठणीत असावें आणि हात घामेजलेले नसावे.

टँकचें झांकण बसलें कीं पुढील सर्व काम उजेडांत होतें. डेव्हलपर ओतल्यावर, व पुढें दर मिनिटाच्या आरंभीं, १० सेकंदांत टँक चार वेळां उलटासुलटा करावा आणि ओट्यावर हळूच ठोकावा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात.

फिक्सरनंतर तासभर नळ वाहता ठेवण्याची गरज नाहीं. थर कडक करणारें द्रव्य नसलेला फिक्सर वापरला असेल, तर टँक पाण्यानें भरून ५ वेळां उलटावा व पाणी टाकावें. दुसऱ्या पाण्यांत १० वेळां, तिसऱ्यांत २० वेळां. ही रीत पाण्याच्या टंचाईंत फार उपयोगी पडते. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड असल्यास वाळतांना क्षारांचे ठिपके पडतात. म्हणून शेवटची बुडी मोटारीच्या बॅटरींत घालण्यासाठीं मिळणाऱ्या शुद्ध पाण्यांत द्यावी, व लिटरभर पाण्यांत भांडीं घासण्याच्या साबणद्रवाचा एकच थेंब टाकावा. त्यायोगें पाणी थेंबाथेंबानें न राहतां निथळून जातें.

वाळविण्यासाठीं न्हाणीघर सर्वांत बरें. आधीं भिंतींवर व जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसूं द्यावी. फिल्म कपड्यांच्या चिमट्यानें टांगून खालच्या टोंकास दोन चिमट्यांचें वजन द्यावें, पंखा बंद ठेवावा, आणि रात्रभर दार उघडूं नये. वाळल्यावर सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटांत घालाव्या. जिलेटिन हें बुरशीचें आवडतें खाद्य असल्यामुळें पावसाळ्यांत तीं पाकिटें घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीं.

आणखी दोन सूचना. हीं द्रव्यें शीतपेयाच्या बाटलींत कधींही भरूं नयेत. घरांत मुलें असतात, आणि तहानेला अक्षर वाचण्याची संवय नसते. स्वयंपाकाचीं भांडींही या कामीं घेऊं नयेत. तसेंच वापरलेल्या फिक्सरमध्यें चांदी उतरलेली असते. तो ओढ्यांत, विहिरीजवळ किंवा झाडाच्या मुळाशीं ओतूं नये, तर निराळ्या डब्यांत सांठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.

श्रोतेहो, चित्र चांगलें यावें यासाठीं नजर लागते, आणि ती सर्वांस सारखी लाभत नाहीं. पण घेतलेलें चित्र हातचें न घालविण्यास थर्मामीटर, घड्याळ आणि फिल्मच्या टोंकाचे ते दोन तुकडे पुरेसे आहेत. पुढचा रोल भरतांना तें टोंक केरांत टाकूं नका, एवढें ध्यानांत ठेविलेंत तरी आजचें भाषण कारणीं लागलें असें मी समजेन.