गाडीचा एसी काढताना डोळे सांभाळा

जुन्या गाडीचा एसी बिघडला, दुरुस्ती परवडत नाही, म्हणून बरेचजण तो काढूनच टाकतात. गॅरेजमधला पोरगा पाना लावून पाइप सैल करतो. धोका इथेच आहे. गार हवा येत नाही म्हणजे आत गॅस नाही, असे समजू नये. कॉम्प्रेसर बिघडला तरी गॅस दाबाखाली असू शकतो.

बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. बाहेर पडताच तो उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते, कातडी गोठते. हवेपेक्षा जड असल्याने तो गाडीखालच्या खड्ड्यात साठतो व आतल्या माणसाचा जीव गुदमरतो. वेल्डिंगच्या ज्वाळेत त्याचे विषारी वायू बनतात.

म्हणून आधी यंत्राने गॅस टाकीत काढून घ्यावा, मगच पाना. त्याला पैसे पडतात खरे, पण डोळा त्या पोराचा जातो, मालकाचा नव्हे! चष्मा व हातमोजे हवेतच.

डोळ्यात गॅस गेलाच तर चोळू नये. किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. गोठलेली कातडी शेकू नये, कोमट पाण्यात धरावी.