कानात 'सूंऽऽ' कुठून येतं?

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीसारख्या गावात रात्री रहदारी थांबली, की म्युझिक प्लेअरचा एक दोष हमखास उघडा पडतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच कानात बारीक 'सूंऽऽ' ऐकू येतं. शहरातल्या गोंगाटात ते दबून जातं.

आधी गाणं थांबवून पाहा. आवाज गेला, तर तो बहुधा ध्वनिमुद्रणातलाच. १९३७ साली निवर्तलेले मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तबकड्यांतली खरखर कोणत्याही इअरफोनवर राहणारच. (ती पुसायच्या नादात सुरांची धारही बोथट होते, राहू द्यावी.) आवाज राहिला, तर तो प्लेअरच्या अॅम्प्लिफायरचा.

त्याचा गोंगाट बहुधा ठरावीकच असतो, पण इअरफोन किती संवेदनशील आहे यावर तो ऐकू येणं ठरतं. एका मिलिवॅटला ९५ डेसिबल देणाऱ्या हेडफोनपेक्षा ११० डेसिबल देणारा इअरफोन तितक्याच आवाजासाठी सुमारे तिसावा हिस्सा शक्ती घेतो. साहजिकच तो गोंगाटही तेवढाच मोठा करून ऐकवतो. आणि मूळ गोंगाट ठरावीक असल्यामुळेच अनेक प्लेअरमध्ये व्हॉल्यूम कमी केला, तरी 'सूं' तसंच राहतं.

प्लेअरमध्ये 'गेन' (आवाज किती पटीने वाढवायचा ते) कमी करायची सोय असेल, तर ती आधी वापरा. मधे रेझिस्टरचा अडॅप्टर जोडला तरी आवाज दबतो. मात्र एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असलेल्या इअरफोनचा स्वर त्याने बदलू शकतो. ब्लूटूथ इअरफोनमध्ये अॅम्प्लिफायर इअरफोनमध्येच असतो, तेव्हा 'सूं' घालवायला नवा प्लेअर घेऊ नका.